होलोग्राम आणि नंबर पाहून रॅकेट ओळखता येत नाही

संपादक महोदय,

कालच्या अंकातला बनावट बॅडमिंटन रॅकेटवरचा लेख वाचला. विषय घेतलात हे बरे केलेत. पण होलोग्राम आणि शाफ्टवरचा (हँडल आणि फ्रेम जोडणाऱ्या दांडीवरचा) नंबर तपासा, एवढे सांगून तो संपवलात, म्हणून हे पत्र.

माझ्या मुलीच्या रॅकेटवर दोन्ही होते, तरी ती बनावट निघाली. तिच्याच बॅचमधल्या एका मुलाने तेच मॉडेल घेतले, तेव्हा गटिंग करणाऱ्या, म्हणजे रॅकेटची जाळी विणणाऱ्या, काकांनी दोन्ही रॅकेट शेजारी शेजारी धरून दाखवल्या. शाफ्टवर तोच नंबर, शेवटच्या आकड्यापर्यंत! खरे तर प्रत्येक रॅकेटचा नंबर वेगळा असायला हवा. एका अस्सल रॅकेटवरचा नंबर उचलून सगळ्या मालावर उमटवायला कितीसा वेळ लागतो? आणि मूळ नंबर खरा असल्याने तो तपासूनही फसवणूक लक्षात येईलच असे नाही.

काकांनी मग वजन करायला सांगितले. हँडलच्या वर, शाफ्ट जिथे हँडलला मिळतो त्या निमुळत्या भागावर (कोनवर) ४यू लिहिले होते. म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम, तेही गटिंग आणि ओव्हरग्रिप (हँडलवर वरून गुंडाळतात ती पट्टी) सोडून. ओव्हरग्रिप काढून काट्यावर ठेवली तर ९६ ग्रॅम भरली. गटिंगचे चार-पाच ग्रॅम वजा केले तरी हिशेब जुळत नाही. ही साधी गोष्ट लेखात का नाही? महागड्या मॉडेलच्या अस्सल रॅकेट बहुधा गटिंगशिवाय विकल्या जातात, हेही नाही. असे मॉडेल गटिंग करून, कव्हरसकट, निम्म्या किमतीत कोणी देत असेल तर तिथेच शंका घ्यायला हवी.

नुसते पैसे गेले असते तर मी लिहिले नसते. कोनवर गटिंगचा २८ पौंडांपर्यंतचा ताण छापला होता. नवे गटिंग २४ पौंडांवर चालू असतानाच फ्रेम ग्रोमेटच्या, म्हणजे जाळीची दोरी ओवतात त्या, भोकापाशी तडकली. मशीनवर तडकली म्हणून निभावले. डबल्समध्ये स्मॅश मारताना तुटली असती तर तुकडा जोडीदाराच्या डोळ्यात गेला असता. वर दुकानदार म्हणतो, गटिंगवाल्यानेच तोडली. ज्या माणसाने आम्हाला सावध केले त्याच्यावरच आळ! पक्के बिल मागितले तेव्हा ‘नंतर देतो’ म्हणाला होता, ते आजतागायत मिळालेले नाही.

आपल्या वाचकांत खेळणाऱ्या मुलांचे पालक पुष्कळ असतील. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, पक्क्या बिलावर रॅकेटचा नंबर लिहून घ्या, हे त्यांना ठळक अक्षरांत सांगायला हवे होते.

आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र टेनिसच्या रॅकेटचे आहे. बॅडमिंटनच्या रॅकेटला बोटापेक्षा बारीक, लांब शाफ्ट असतो. टेनिसच्या रॅकेटला तसा नसतो. अस्सल-नकली ओळखायला शिकवणाऱ्या लेखात खेळच चुकावा, याचे फार वाईट वाटले. कृपया दुरुस्ती छापावी.

आपली,
एका बॅडमिंटनपटू मुलीची आई