खांदेरीला कधी येताय?

ती. आई-बाबांस सा. नमस्कार,

अलिबागला बदली झाल्यापासून आपण रोज बोलतो, पण खांदेरीचा विषय काढला की बाबा मध्येच म्हणतात, "दीपगृहात बघायचं काय? एक मनोरा आणि वर दिवा!" पत्रात मध्ये बोलता येत नाही, म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते.

बाबा, तुमच्या आवडीच्या इतिहासापासून सुरू करते. अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात दोन बेटं आहेत. किनाऱ्याजवळचं उंदेरी आणि त्याच्या पलीकडचं खांदेरी. मुंबई बंदराच्या तोंडाशीच असल्यामुळे ये-जा करणारं जहाज इथून नजरेतून सुटत नाही. १६७९ मध्ये महाराजांनी मायनाक भंडारींना इथे किल्ला बांधायला धाडलं, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. बेट आमचं, काम बंद करा, म्हणून त्यांनी आधी धमक्या दिल्या आणि मग 'रिव्हेंज' नावाचं लढाऊ जहाज घेऊन कॅप्टन केग्विन आला. ऑक्टोबरात समुद्रावर लढाई झाली आणि इंग्रजांचं 'डव्ह' आपल्या हाती लागलं. पण मला खरी मजा वाटते ती पुढच्या भागाची. मराठ्यांच्या उथळ, हलक्या होड्या रात्रीतून बेटावर रसद पोचवून यायच्या आणि इंग्रजांच्या जड जहाजांना त्या अडवताच येईनात. शेवटी जानेवारी १६८० मध्ये त्यांनी तह करून काढता पाय घेतला. त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी धरली आणि मग दोन्ही बेटं एकमेकांवर तोफा डागत बसली, ते वेगळंच रामायण. पुढे १७१८ मध्ये इंग्रज पुन्हा खांदेरीवर चालून आले, तेव्हा गाठ मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्र्यांशी पडली. तेव्हाही हात हलवत परतले.

आता दिव्याचं. ज्यांना इथे मराठ्यांची भिंत नको होती, त्यांनीच १८६७ मध्ये त्याच बेटावर दीपगृह उभारलं! तोवर किल्ला त्यांच्याकडे आला होता आणि मुंबईचं बंदर भरभराटीला आलं होतं. जिथून जहाजं अडवता येतात, तिथूनच त्यांना वाटही दाखवता येते. म्हणून मला किल्ला आणि दीपगृह ही दोन वेगळी ठिकाणं वाटतच नाहीत. मनोरा अष्टकोनी, दगडी, सुमारे २५ मीटर उंच आहे. आता त्याला कान्होजी आंग्रे दीपगृह म्हणतात. इंग्रजांनी बांधलेल्या दीपगृहाला कान्होजींचं नाव, हे वाचून बाबा गालातल्या गालात हसणार हे मला इथून दिसतंय.

होडीतून उतरताना तटाच्या पायथ्याकडे नीट बघा. तिथे मोठाले दगड मुद्दाम सैल टाकून ठेवलेत. भरतीच्या पाण्याने त्यांच्यावर कालवं धरतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. शत्रूने होडी लावली तरी अनवाणी पायाने तटापर्यंत पोचणं मुश्कील. साडेतीनशे वर्षांनंतरही तो पहारा चालूच आहे, मी चप्पल घालून चालतानाही जपूनच पाय टाकत होते. आत चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत. तोफा बऱ्याच किल्ल्यांवर दिसतात, पण अशा गाड्यांसकट फार क्वचित. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत आपले जे बारा किल्ले घेतले, त्यांत खांदेरी आहे. तरी राजगडाला जशी रीघ लागते तशी इथे नाही, आणि मला ते बरंच वाटतं.

आई, तुझ्यासाठी वेताळाचं देऊळ आहे. मूर्ती नाही, एक मोठी शिळाच. थळचे कोळी त्याला फार मानतात, नवस बोलतात. आणि एक खडक असा आहे की त्यावर छोटा दगड आपटला की भांड्यासारखा खणखणीत आवाज येतो. तू तो वाजवल्याशिवाय पुढे सरकणार नाहीस.

फक्त होडीत चढ-उतार करताना जरा त्रास होईल. गुडघ्याचा पट्टा आण, हात धरायला कोळी दादा असतात. पावसाळ्यात होड्या बंद, त्यामुळे दिवाळी झाली की या. डिसेंबर-जानेवारीत समुद्र शांत असतो आणि ऊनही सोसवतं. भरती-ओहोटी बघून किती वाजता निघायचं ते थळलाच ठरेल. मनोऱ्यावर चढायला मिळेलच असं नाही, तेव्हा बाबांनी आधीपासून धरून बसू नये.

बेटावर हॉटेल वगैरे काही नाही, पाणीसुद्धा बरोबर न्यावं लागतं. तेव्हा येताना कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी भरपूर आण, होडीवाल्यांनाही पुरेल इतकी. तिकिटं मी काढते, तारीख तेवढी रविवारपर्यंत कळवा.

तुमची,
मनू