विद्याताई बाळ, त्या जुन्या मंदिरप्रवेश कायद्याबद्दल आभार

प्रिय विद्याताई,

तुम्ही जानेवारी २०२० मध्ये गेलात, तेव्हा हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. पण बायकांच्या मंदिरप्रवेशासाठी तुमच्यासोबत याचिका करणाऱ्या ॲड. नीलिमा वर्तक वाचतील, तुमच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या मैत्रिणी वाचतील, म्हणून उघडपणेच लिहिते.

मी देवळात जाणारी बाई. शनिवार पाळते. साडेसाती लागताना बाई की पुरुष हे बघत नाही, मग तेल वाहतानाच का बघायचं, हा प्रश्न मलाही पडायचा. पण तो मनातच राहायचा. नोव्हेंबर २०१५ मध्ये शनिशिंगणापूरला एक बाई बायकांना बंदी असलेल्या शनीच्या चौथऱ्यावर गेली आणि मागाहून दुधाचा अभिषेक करून ‘शुद्धी’ झाली, तेव्हा मात्र फार लागलं. आपण गेलो की देव बाटतो, असंच ना ते?

त्यानंतर मोर्चे निघाले, वाटेत अडवले गेले. तुम्ही दोघींनी मुंबई उच्च न्यायालयात वेगळीच गोष्ट केली, आणि आभार मानायचे आहेत ते त्याच गोष्टीचे. नवा हक्क द्या, असं तुम्ही म्हणाला नाहीत. हक्क देणारा कायदा १९५६ पासून पुस्तकात आहे, तो सरकार का राबवत नाही, एवढंच विचारलंत. सार्वजनिक हिंदू पूजास्थळी कोणत्याही वर्गातल्या हिंदूला अडवता येणार नाही, अडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. हा कायदा मुळात दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी झाला. १९३० चा काळाराम सत्याग्रह, १९४७ चं साने गुरुजींचं पंढरपूरचं उपोषण, ही सगळी त्याच्यामागची पुण्याई. ती बायकांच्याही वाट्याची आहे, हे आमच्यापैकी कितीजणींना ठाऊक होतं?

सरकारी वकिलांनाही भेदभावाची बाजू घेता आली नाही. १ एप्रिल २०१६ ला न्यायालयाने सरकारचं म्हणणं नोंदवून घेतलं आणि कायदा राबवायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी शिंगणापुरात बायकांना पुन्हा अडवलं, हा भाग वेगळा. पुढे तर बायकांना सोडायचं नाही म्हणून पुरुषांनाही चौथरा बंद केला! त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्याबाबतही हीच युक्ती. पण ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, नदीचं पाणी घेऊन आलेले पुरुष बंदी मोडून चौथऱ्यावर चढले आणि विश्वस्तांना त्याच दिवशी चौथरा सगळ्यांना खुला करावा लागला. म्हणजे शेवटचा धक्का पुरुषांनीच दिला म्हणायचा.

केरळातल्या शबरीमला देवळातल्या बायकांच्या प्रवेशाचं बघते तेव्हा तुमच्या वाटेचं मोल जास्तच कळतं. तिथे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बायकांच्या बाजूने चार विरुद्ध एक असा निकाल लागला, एकमेव विरोधी मत महिला न्यायमूर्तींचं होतं, आणि २०१९ मध्ये त्यातले प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले. घटनेतल्या समतेवर आणि धर्मस्वातंत्र्यावर वाद व्हायलाच हवेत, पण ते लांबतात. तुमच्या त्या १९५६ च्या कायद्याचं कलम दाखवून ‘हे आधीच ठरलंय’ म्हणणं मला जमण्यासारखं होतं.

जमलंही, अर्धंमुर्धं. आमच्या गावच्या मारुतीच्या गाभाऱ्यात बायकांनी जायचं नाही, अशी रीत. आम्ही काही जणी त्या कायद्याची प्रत घेऊन देवस्थानच्या बैठकीला गेलो. एक आजोबा म्हणाले, “वर्ग म्हणजे जात. यात बायका कुठं आल्या?” मी म्हटलं, “मग बायका हिंदू आहेत की नाहीत, तेवढं लिहून द्या.” कुणी लिहून दिलं नाही. पुढची बैठक चांगली तापली. माझ्या चुलत सासऱ्यांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी ठरलं काय, तर गाभाऱ्याला कठडा! आता बाई नाही आणि बुवाही नाही, आत फक्त पुजारी. शिंगणापूरचाच धडा गिरवला म्हणा ना.

तुम्ही असतात तर हसला असतात आणि “पुढे काय?” असं विचारलं असतंत. पुढे असं, की २०१४ मध्ये बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपल्यावर पंढरपूरच्या मंदिर समितीने पुजारीपदासाठी बायकांकडूनही अर्ज मागवले होते. ते कात्रण आम्ही काढून ठेवलंय. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत पुजाऱ्याची नेमणूक हा विषय घालायला लावलाय.

तुमची,
एक वाचक