ताई, तुम्ही 'किती वाजता?' असं विचारायचात

प्रिय ताई,

आत्ता माझी शुगर २९१ आहे. ४ वाजून १० मिनिटांनी इन्सुलिन घेतलंय, आता पावणेपाच होत आलेत. म्हणजे अजून तासभर तरी मला हात बांधून बसायचंय. त्या तासाभरात हे पत्र उरकते.

तुमची बदली झाल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. पण शुगर जागेवर असली की चढलेली असताना काय काय होतं ते आठवतच नाही, जसा उतरलेला ताप नीट आठवत नाही. आज ती चढलीच आहे तर म्हटलं हीच वेळ. अक्षरं जरा फुगल्यासारखी दिसताहेत, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आणि हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्यासारख्या कुणाच्या तरी शेजारच्या खुर्चीत आज दुसरं कुणीतरी बसलेलं असणार.

तुमच्या शेजारचं टेबल मिळालं तेव्हा मी सगळ्यांना सांगते तेच तुम्हालाही पाठ म्हटल्यासारखं सांगितलं होतं. मला टाइप वन मधुमेह आहे, अंगात इन्सुलिन बनत नाही. घाम फुटला, हात थरथरले, मी काहीतरी असंबद्ध बोलायला लागले तर वरच्या ड्रॉवरमध्ये ग्लुकोज आहे, तेवढं द्या. लोक मान डोलवतात आणि विषय संपतो. तुम्ही विचारलंत, "आणि वाढली तर?"

"वाढली तर काही नाही, मी बघते," असं मी म्हणाले होते. ते खोटं होतं.

लो होणं, म्हणजे शुगर फार खाली जाणं, लोकांना कळतं. ते डोळ्यांना दिसतं, त्यावर उपाय हातात असतो, पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर येतो आणि देणाऱ्यालाही काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. हाय गेलेलं माणूस नुसतं आळशी दिसतं. किंवा तुसडं. त्याला देण्यासारखं कुणाकडे काही नसतं, म्हणून लोक प्रश्न देतात: "काय खाल्लंस?" ताप, ताण, पाळीचे दिवस, पहाटे आपोआप वाढणारी हार्मोन्स, उन्हात राहून निकामी झालेलं इन्सुलिन, यातलं काहीही शुगर चढवू शकतं, आणि कधीकधी कालच्यासारखंच सगळं करूनही आज ती चढते. पण प्रश्न तोच. तुम्ही तो मला चार वर्षांत एकदाही विचारला नाहीत, हे मी मोजलेलं आहे.

आता ते 'मी बघते' म्हणजे काय ते सांगते.

सुरुवात तोंडापासून होते. जीभ टाळूला चिकटते आणि बोलताना सुटी होते तेव्हा बारीक 'टक' असा आवाज येतो. हा आवाज मलाही माहीत नव्हता, तुम्ही दाखवलात. "तुझे शब्द टकटक करायला लागलेत, बघ जरा," म्हणालात, आणि मीटरवर ३०४ निघाले. दातांवर जाड कापड चढवल्यासारखं वाटतं, चूळ भरून जात नाही. मग तहान. उन्हातून आल्यावर लागते ती तहान पाण्याने भागते. ही भागत नाही. पाणी घशाखाली उतरतं, पोट डबडबतं, तोंड कोरडं ते कोरडंच. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत ओढून घेता येत नाही, ती लघवीत उतरते आणि जाताना अंगातलं पाणी सोबत घेऊन जाते. वरून भरायचं, खालून गळायचं. मधुमेह हा शब्दच त्या लघवीवरून पडलाय. जुन्या वैद्यांनी मुंग्या कुठे लागतात ते बरोबर हेरलं होतं, पण माणसाला काय वाटतं ते नावात आलं नाही. माझ्यावर सोपवलं असतं तर मी तहानेवरून काहीतरी नाव ठेवलं असतं.

२५० च्या पुढे अंग बदलतं. भिजलेली गोधडी अंगावर घेऊन चालावं तसं. जिना दिसला की राग येतो. पोटऱ्या दुखतात, पापण्या जड होतात, पण झोपून उठलं तरी ताजं वाटत नाही. आणि यातच भूक लागते! रक्तात साखरेचा पूर आणि स्नायू उपाशी, कारण इन्सुलिनशिवाय साखर त्यांच्या आत शिरत नाही. हे ऐकून तुम्ही म्हणाला होतात, "म्हणजे कोठार भरलेलं आणि किल्ली हरवलेली." डॉक्टरांच्या भिंतीवरच्या चित्रापेक्षा ते बरं होतं.

डोळ्यांचं तर मला अकराव्या वर्षीच कळायला हवं होतं. तेव्हा फळा धूसर दिसायला लागला, चष्मा केला. वर्गात सारखं पाणी पिते, सारखी बाहेर जायला मागते, म्हणून बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलं आणि बाहेर जाणं बंद केलं. त्या दुपारी काय झालं ते मी लिहिणार नाही, तुम्हाला ते माहीत आहे. पंधरवड्यात मी दवाखान्यात, इन्सुलिन सुरू, आणि पुढच्या काही आठवड्यांत तो नवा चष्मा निरुपयोगी. साखर वर-खाली होते तसं डोळ्यातल्या भिंगातलं पाणी कमी-जास्त होतं आणि भिंगाचा आकारच बदलतो. नंबर डोळ्याचा नव्हताच. तो चष्मा आईने अजून ठेवलाय, का ते मी विचारलेलं नाही.

सगळ्यात वाईट डोकं. विचार येतात, पण चिखलातून पाय काढत येतात. साधं वाक्य तीनदा वाचावं लागतं. आणि एक राग येतो ज्याला कारण नसतं, म्हणून तो समोर दिसेल ते कारण पकडतो. कुणी पेन आपटलं, कुणी दार उघडं टाकलं. आतून मात्र तो अगदी खरा, न्याय्य वाटतो. दोन तासांनी आकडा १५० वर आला की मग लाज.

त्या रागाच्या भरातच मी सगळ्यात मोठी चूक करायचे. इन्सुलिन घ्यायचे, अर्ध्या तासाने बघायचे, आकडा हललेला नसायचा, की पुन्हा घ्यायचे. पुन्हा बघायचे, पुन्हा घ्यायचे. हे इन्सुलिन लागू व्हायला पाव तास, जोरात यायला तास-दीड तास आणि संपायला चारेक तास घेतं, हे मला पाठ होतं. शिवाय दंडावरचा सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो, म्हणजे तो काही मिनिटं मागेच असतो. सगळं पाठ. पण चढलेल्या डोक्याला धीर नसतो. मग संध्याकाळी ते तिन्ही डोस एकदम जागे व्हायचे आणि मी ५२ वर, घामाने भिजलेली, वरचा ड्रॉवर उपसत.

तुम्ही हे दोनदा पाहिलंत. तिसऱ्या वेळी मी इन्सुलिनचं पेन हातात घेतलं तेव्हा तुम्ही 'किती आहे?' विचारलं नाहीत. विचारलंत, "आधीचं किती वाजता घेतलंस?" मला सांगता येईना. तुम्ही जुनं पाकीट उलटं केलंत, पाठीमागे वेळ लिहिलीत, शेजारी युनिट लिहिलेत, आणि ते पाकीट माझ्या कीबोर्डखाली सरकवलंत. मग पाण्याची बाटली ठेवलीत आणि आपल्या कामाला लागलात. इतकंच.

त्या वाट बघण्याच्या तासांत मी तुम्हाला लिओनार्ड थॉम्पसनची गोष्ट सांगितली होती. १९२२ चा जानेवारी, टोरांटो, १४ वर्षांचा मुलगा, अंगावर मांस उरलेलं नाही. ११ तारखेला त्याला पहिलं इन्सुलिन टोचलं, पण ते पुरेसं शुद्ध नव्हतं, फारसा फरक पडला नाही, टोचल्या जागी गळू झालं. मग कॉलिप नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते शुद्ध करून दिलं आणि २३ तारखेला पुन्हा टोचल्यावर साखर खरोखर उतरली. त्याआधी टाइप वन झालेलं मूल उपासमारीच्या आहारावर थोडे दिवस तगायचं आणि जायचं. मी हे भारावून सांगत होते. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, आणि पुढच्या वेळी मी पेनकडे हात नेला तेव्हा म्हणालात, "तो पोरगा बारा दिवस थांबला. तुला अर्धा तास जड होतोय?" त्यानंतर आमच्या सेक्शनमध्ये 'बारा दिवस' हा शब्द कसा रूढ झाला ते तुम्हाला ठाऊकच आहे. परवा प्रिंटर अडला तेव्हाही कुणीतरी म्हणालं.

आणि तो पंपाचा दिवस. पंप म्हणजे नळीतून थेंबथेंब इन्सुलिन अंगात सोडणारं यंत्र. सकाळी त्याचा नवा सेट, म्हणजे कातडीत जाणारी नळी, लावून आले होते. ११ ला २८०, डोस दिला. १ वाजता ३५५. पाकिटावरच्या दोन वेळा आणि दोन आकडे बघून तुम्ही म्हणालात, "एरवी थांबलो की उतरते. आज थांबूनही चढतेय. औषध आत जातंय ना?" मी चिडले. पंप म्हणतोय डोस गेला, तर गेला. तुम्ही माझ्या कुर्त्याकडे बोट केलंत. कमरेजवळ रुपयाएवढा ओला डाग होता, आणि त्याला इन्सुलिनचा तो दवाखान्यासारखा उग्र वास येत होता. सेट काढला तर आतली इवलीशी नळी दुमडून आडवी झालेली. सकाळपासून सगळं इन्सुलिन कापडाला मिळत होतं.

पंपात हळू काम करणारं इन्सुलिन नसतं. नळी बंद पडली की काही तासांत अंगात इन्सुलिनच उरत नाही, शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. ०.६ च्या आत असायला हवेत, माझे २.८ होते, ३ म्हणजे धोक्याची घंटा. पेनने इंजेक्शन घेतलं, नवा सेट लावला, पण तोवर उलट्या सुरू झाल्या होत्या. ही हाय वेगळीच असते, ताई. जडपणा वगैरे राहत नाही, पोटात मुरडा येतो, आणि श्वास आपला आपण खोल खोल जायला लागतो, धावून आल्यासारखा, बसल्या जागी. शरीर रक्तातलं आम्ल श्वासावाटे बाहेर टाकायला बघतं. तुम्ही माझ्या तोंडाजवळ वाकून म्हणालात, "नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा वास येतोय तुला. चल." 'जाऊया का?' नाही, 'चल.'

दवाखान्यात विचारलं, शेवटचं इन्सुलिन कधी, किती? माझी जीभ वळत नव्हती. तुम्ही ते पाकीट पुढे केलंत. एक जण ते बघत म्हणाला, "एवढ्या शिकलेल्या, आणि लक्ष कसं नाही?" मला तेव्हा उत्तर द्यायचं त्राण नव्हतं. तुम्ही म्हणालात, "लक्ष होतं म्हणून तर हे लिहिलेलं आहे." सलाइन लागलं, रात्र झाली, तुम्ही कापसाने माझे ओठ ओले करत बसला होतात. त्याबद्दल आभार मानले तर तुम्ही रागवाल, म्हणून मानत नाही.

आभार मानायचे आहेत ते १२६ बद्दल.

ती बैठक आठवते? माझं काम दुसऱ्याच्या नावावर दाखवलं गेलं होतं आणि मी बाहेर येऊन तुमच्यासमोर तावातावाने बोलत होते. तुम्ही सवयीने म्हणालात, "आधी शुगर बघ." ते वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. भांडणात घरच्यांनी, मैत्रिणींनी, सगळ्यांनी ते माझ्या तोंडावर झाकणासारखं ठेवलंय. मी काहीही म्हटलं की ती शुगर बोलते, मी नाही. तुमच्याकडूनही ते आलं तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. तुमच्या नाकासमोर बोट टोचलं आणि मीटर टेबलावर ठेवला. १२६.

तुम्ही तो आकडा बघितलात. चष्मा काढलात. म्हणालात, "चुकलं माझं. हा राग तुझाच आहे. जा, भांड." आणि माझ्यासोबत साहेबांच्या दारापर्यंत आलात.

चढलेली असताना माझ्या बोलण्याकडे दुर्लक्ष करणारी माणसं मला पुष्कळ मिळाली, त्यांनी ते मायेनेच केलं. चढलेली नसताना माझं बोलणं माझंच धरणारं माणूस तुम्ही पहिलं.

आता ५ वाजून ३५ मिनिटं झालीत. मध्ये दोनदा उठले, एकदा पाणी प्यायला आणि एकदा त्याच पाण्यामुळे. २३८, सेन्सरचा बाण तिरका खाली. पेन कपाटात ठेवलंय. पाकीट कीबोर्डखाली आहे, वेळ लिहिली आहे, अक्षर तुमच्याइतकं चांगलं नाही.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची