बायबलमधलं ८८वं स्तोत्र वाचून दाखवणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,
सप्रेम सलाम.

तुमचं नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते आपल्या चर्चच्या मंडळीत फार थोडी माणसं करतात, आणि ज्यांना त्याची गरज आहे अशी माणसं दर रविवारी आपल्याच बाकावर बसलेली असतात.

हे गेले तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येकाकडे एक वचन होतं. देव सोसवेल त्यापलीकडे परीक्षा घेत नाही. सगळं मिळून कल्याणच होतं. ते प्रभूजवळ आहेत, मग रडतेस कशाला? सगळे प्रेमानेच बोलत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ऐकून ऐकून असं वाटायला लागलं की दुःख करणं म्हणजेच अविश्वास. मग मी दुःख लपवू लागले. प्रार्थना तर बंदच पडली. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढं म्हणून जीभ थांबायची.

तुम्ही आलात आणि वचन सांगितलं नाहीत. भांडी घासलीत, कुकर लावलात आणि भिंतीला टेकून माझ्याजवळ बसलात. पुढच्या आठवड्यातही तसंच. फार नंतर मी विचारलं तेव्हा तुम्ही बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांचं सांगितलंत. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, कोणी एक शब्द काढला नाही. “तोवर चांगले होते गं ते,” तुम्ही म्हणालात, “तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.” पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवर. देवालाच जाब विचारणाऱ्या ईयोबावर होत नाही. रविवारच्या शाळेपासून ही गोष्ट मला पाठ होती, पण तिच्यातला हा भाग माझ्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

मग एका संध्याकाळी तुम्ही तुमचं जाड अक्षरांचं शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलंत. मला वाटलं, आता तेविसावं स्तोत्र, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे धीर देणारं. तुम्ही अठ्ठ्याऐंशीवं काढलंत. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळतात. तेरावं ‘कुठवर?’ म्हणत सुरू होतं आणि सहा ओव्यांत गाण्यापर्यंत येतं. अठ्ठ्याऐंशीवं वळतच नाही. अठरा ओव्या हाक मारत राहतं, देवा, तू तोंड का लपवतोस म्हणून विचारतं आणि अंधारातच संपतं. तुम्हीही तिथेच थांबलात. सारवासारव केली नाहीत, पुढचं आशेचं स्तोत्र जोडलं नाहीत. शास्त्र मिटून फक्त एवढं म्हणालात, “हेही देवानेच पुस्तकात राहू दिलंय. आणि हे गायकांसाठी आहे, बघ. मंडळीने मिळून गायचं.”

मावशी, त्या रात्री मी खूप दिवसांनी प्रार्थना केली. ती सगळी तक्रारच होती. पण ती देवाजवळ केलेली तक्रार होती, आणि ती करताना मी एकटी नव्हते. सांत्वन म्हणजे दुःख हलकं होणं असं मी समजत होते. माझं दुःख तसूभरही हललं नव्हतं, तरी कोणी तरी ऐकतंय ही खात्री परत आली होती.

त्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तुम्ही मला मागच्या बाकावर घेऊन बसलात, दाराजवळ, म्हणजे नको वाटलं तर उठून जाता येईल. प्रभू येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथा आला: “एली, एली, लमा सबख्थनी”, म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ बावीसाव्या स्तोत्राची पहिलीच ओळ. माझा प्रश्न खुद्द प्रभूने वधस्तंभावरून विचारला होता. मी उठून गेले नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र जोराने लिहिते, कारण आपल्याकडे ती दबक्या आवाजात बोलली जाते. झोप नाही, अन्न नाही, सकाळी उठणं होत नाही, हे पाहून तुमच्यातली नर्स जागी झाली आणि तुम्ही मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलंत. गोळ्या सुरू झाल्यावर कोणीतरी म्हणालं की विश्वास असता तर गोळ्या लागल्या नसत्या. तेव्हा तुम्ही बायबलमधल्या आजारी हिज्कीया राजाची आठवण दिलीत. देवाने त्याची प्रार्थना ऐकली, आयुष्याची पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. त्यानंतर तो माणूस माझ्यासमोर गोळ्यांबद्दल कधी बोलला नाही. माझ्या मते दर पाळकसाहेबांनी वर्षातून एकदा तरी या लेपावर उपदेश करावा.

आणि पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनची संस्थापिका म्हणून त्यांचं नाव आपण लहानपणापासून ऐकतो. तुम्ही मला शोक करणाऱ्या रमाबाई दाखवल्यात. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा, पदरात तान्ही मनोरमा. आणि १९२१ मध्ये ती मनोरमाही. केडगावात रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणत होत्या. लेक गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. तुम्ही हे सांगितलंत ते ‘बघ, त्या कशा खंबीर’ म्हणून नाही. “इतकं गमावलेली बाई शास्त्राला धरून होती, म्हणजे त्यात रडणाऱ्याला जागा असणार,” एवढंच म्हणालात.

मी बरी आहे. सगळे दिवस सारखे नसतात. ह्यांच्या वाढदिवसाला अजून अठ्ठ्याऐंशीवंच वाचते. पण रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पुन्हा म्हणते, आणि या नाताळात गायकवृंदात उभी राहणार आहे.

मावशी, तुम्ही मला घाई केली नाहीत, यासाठी तुमचे मनापासून आभार. वधस्तंभाच्या शुक्रवारी असलेल्या माणसाला ओढून पुनरुत्थानाच्या रविवारी नेलं नाहीत.

गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा. रात्री दवाखान्यात मी थांबणार. तुमच्या सुनेला ऑफिस आहे, दिवसाची पाळी तिची.

प्रभूमध्ये तुमची,
मागच्या बाकावरची