माझा पॅच चार वेळा परत पाठवणाऱ्या मॅडमना

मॅडम,

कर्नेलमधला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला) माझा पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तुम्ही चार वेळा परत पाठवलात. कोड पहिल्याच खेपेला बरोबर होता, अडलं होतं ते कॉमेंटपाशी, म्हणजे कोड समजावणाऱ्या टिपेपाशी. तेव्हा मी चिडलो होतो. आज त्याच चार खेपांबद्दल मनापासून आभार मानायला हे पत्र लिहितोय. (कॉमेंट इंग्रजीत होत्या, इथे मराठीत सांगतो.)

फंक्शनच्या डोक्यावर मी लिहिलं होतं, 'स्पिनलॉक घेतलं जातं.' (स्पिनलॉक म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप; ते मिळेपर्यंत सीपीयू वाट बघत राहतो.) तुम्ही विचारलंत, 'कोण घेतं? हे फंक्शन, की त्याला कॉल करणारा?' वाक्यातून कर्ता गळला, की वाचणारा तेच लॉक पुन्हा घेऊ शकतो आणि सीपीयू स्वतःचीच वाट बघत अडकून पडतो. शेवटी ओळ अशी झाली: 'कॉल करणाऱ्याने लॉक आधीच घेतलेलं असलं पाहिजे.' तुम्ही 'असावं' खोडून 'असलं पाहिजे' केलंत, तेही आठवतंय.

पण खरी शिकवण मेमरी बॅरियरची, म्हणजे मेमरीतल्या लिहिण्या-वाचण्याचा क्रम पाळायला लावणाऱ्या सूचनेची. माझी कॉमेंट होती, 'राइट बॅरियर'. ते तर खालच्या ओळीत दिसतच होतं! तुमचे प्रश्न दोन: हा काढला तर काय बिघडेल, आणि याची जोडी कुठल्या बॅरियरशी? उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले, कारण ते मलाच नीट माहीत नव्हतं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत 'तुम्हाला हे समजावं अशी अपेक्षा नाही' अशी एक प्रसिद्ध कॉमेंट आहे. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं, की खरी अडचण म्हणजे तिथे काय चाललंय ते त्यांनाही तेव्हा कळलं नव्हतं. ते वाचून मला धीर आला.

कॉमेंट अखेर अशी उतरली (फ्लॅग म्हणजे डेटा तयार असल्याची खूण): 'आधी डेटा, मग फ्लॅग. उलट झालं तर वाचणाऱ्याला फ्लॅग नवा दिसेल, डेटा जुना. जोडी: वाचणाऱ्या फंक्शनमधला रीड बॅरियर.'

सहा महिन्यांनी एकाने तो बॅरियर काढायचा पॅच पाठवला. त्याच्या एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रकारच्या) मशीनवर काहीच बिघडत नव्हतं, कारण तिथे साधे राइट आपापल्या क्रमानेच दिसतात. एआरएमवर, म्हणजे मोबाइलमध्ये असतात तशा प्रोसेसरवर, तशी हमी नाही. कॉमेंट दाखवल्यावर त्याने पॅच मागे घेतला.

गिट ब्लेम (कुठली ओळ कोणी लिहिली ते सांगणारी आज्ञा) त्या ओळींवर माझं नाव दाखवतं, तुमचं नाव कमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीच्या, तळाशी 'रिव्ह्यूड-बाय'मध्ये आहे. पण 'आधी डेटा, मग फ्लॅग' हे शब्द तुमचे होते. सांगायचं राहून गेलं होतं.

तुमचा आभारी