थर्मास की नुसती बाटली?

महोदय,

गणपती पेठेत आमचे भांड्यांचे दुकान आहे. यंदा पहिल्यांदाच परदेशातून स्टीलच्या बाटल्या मागवल्या. एजंटाने कस्टमच्या कागदांत सरसकट ७३२३ हा स्टीलच्या घरगुती भांड्यांचा कोड टाकला आणि माल न्हावा शेवा बंदरात अडकला. बाटली दुपदरी, मधली हवा काढलेली. म्हणजे थर्मास, कोड ९६१७. एकेरी पत्र्याची असती तर ७३२३ चालला असता. ते पटायला मला एक बाटली करवतीने कापून बघावी लागली! २०११ पासून कोड ठरवण्याची जबाबदारी आयातदाराचीच. कोणता कोड लागेल याचा आयातीआधी निर्णय मागायची सोय आहे, पण ते प्राधिकरण मुंबईत. महिन्यातून एक दिवस सांगलीत नमुने बघून सांगणारा कस्टमचा माणूस बसवा. बाटल्या आम्ही आणू, कापलेलीसुद्धा.

— एक भांडी व्यापारी, सांगली