‘बॉस्वेलाइझ’ म्हणजे नुसते चरित्रलेखन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘बॉस्वेलाइझ’ या विरळा इंग्रजी क्रियापदाचे भाषांतर ‘चरित्र लिहिणे’ असे केले, तर त्यातला जीवच हरवतो. जेम्स बॉस्वेल या स्कॉटिश वकिलाच्या आडनावावरून ते रूढ झाले. १६ मे १७६३ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागातील एका पुस्तकविक्रेत्याच्या मागल्या खोलीत तो चहा पिऊन बसला असताना कोशकार सॅम्युअल जॉन्सन अचानक दुकानात शिरले आणि दोघांची ओळख झाली. पुढे जॉन्सन यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १७८४ पर्यंत, त्यांचे संवाद, त्यांच्या लकबी, त्यांचा चिडचिडेपणासुद्धा बॉस्वेल रोजनिशीत टिपत राहिला, आणि त्यातूनच १७९१ चे गाजलेले चरित्र सिद्ध झाले.

म्हणून या क्रियापदात सहवास, बारीकसारीक नोंद आणि भक्ती हे तिन्ही येते. इंग्रज इतिहासकार मेकॉले यांनी चरित्रकारांच्या असल्या भक्तीला बॉस्वेलचे नाव देऊन रोगच ठरवले. मला मात्र तो निवाडा अन्यायाचा वाटतो, कारण भक्त असूनही बॉस्वेलने गुरूचे दोष झाकले नाहीत.

आपल्याकडे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा अनुयायांकडून ऐकून, गोळा करून लिहिल्या. तेव्हा ही वृत्ती मराठीला परकी नाही. कोशकारांनी ‘सहवासातून टिपून चरित्र लिहिणे’ असा अर्थ द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे